हातात शिवण असताना

९ फेब्रुवारी, मंगळवार

रोज लिहून ठेवा, असं सेंटरमधल्या त्या पोरीनं सांगितलंय. गेलेली वाचा परत आणायचं शिक्षण घेतलेली मुलगी आहे, सगळे तिला टीचर म्हणतात. कोणता शब्द आला, कशासाठी आला, तेवढं टिपायचं म्हणाली. शब्द आलाच नाही तर काय टिपायचं, ते मात्र सांगितलं नाही. तर आज: काहीही नाही.

यांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली त्याला आता महिना होत आला. उजवा हात आणि पाय लुळे आहेत, ते हळूहळू वळणावर येतील म्हणतात. वाचा मात्र साफ गेली. समजतं सगळं. पाणी हवं असलं की पेल्याकडे बघतात, ओठ जुळवतात, आणि जे बाहेर येतं त्याचं त्यांनाच इतकं वाईट वाटतं की डोळे मिटून घेतात. तीस-पस्तीस वर्षं हा माणूस आमच्या चर्चमध्ये मंडळीचा पाळक. दर रविवारी पाऊण तास बोलायचे आणि मी शेवटच्या बाकावर बसून मनात म्हणायचे, आटपा आता, लोकांना भुका लागल्यात. आता वाटतं, दिवसभर बोला हो. मी हलणार नाही.

यांना पाचारण झालं ते तरुणपणी, छापखान्यात कामाला असताना. यंत्राची घरघर चालू होती आणि त्यातून कोणीतरी नावानं हाक मारल्याचं स्वच्छ ऐकू आलं. यंत्र बंद केलं, शाईचे हात पुसले आणि निघाले ते निघालेच. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की मलाच शाईचा वास येतो. लग्नानंतर एकदा मला विचारलं होतं, "तुला आली का गं कधी हाक?" मी म्हटलं, "मला कोण मारतंय हाक? आणि मारलीच, तर सांगेन, थांबा जरा, हातात शिवण आहे." हे इतके हसले, की पुढच्या रविवारी उपदेशात सांगूनच टाकलं. अख्खी मंडळी मागे वळून माझ्याकडे बघत होती. दोन दिवस मी यांच्याशी बोलले नव्हते.

खोटं नव्हतं ते. मी लोकांचे पडदे शिवते. हाक वगैरे यांच्याकडे, मापं माझ्याकडे.

१२ फेब्रुवारी

सेंटर म्हणजे एक लांबट हॉल, भिंतीला लावलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि आत टीचरची आरशाची खोली. आरशासमोर बसून ओठ कसे हलतात ते बघायचं. यांना आरसा अजिबात आवडत नाही. तोंड वाकडं झालंय ना.

शेजारच्या खुर्चीवर एक धिप्पाड गृहस्थ होते. जन्मभर बस चालवली. आजारात सगळे शब्द गेले, एकच उरला. मी नमस्कार केला तर हात उंचावून अगदी मनापासून म्हणाले, "च्यायला!"

त्यांची बायको मेल्याहून मेल्यासारखी झाली. "अहो, पाळकीणबाई आहेत त्या!"

त्यांना फारच वाईट वाटलं. छातीवर हात ठेवून, मान झुकवून, कळवळून म्हणाले, "च्यायला."

मला हसू आवरेना. घरी येताना मात्र वाटलं, त्यांच्याकडे निदान एक तरी आहे. यांच्याकडे तोही नाही.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

देवा, तुझे उपकार! 

संध्याकाळी नेहमीसारखी यांच्या खुर्चीशी बसून मी प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले. दुसऱ्या शब्दाला दुसरा आवाज आला. मला वाटलं बाहेर कोणी आलं. बघते तर हे! यांचा आवाज, जरा घोगरा, पण एकेक शब्द स्वच्छ, न अडखळता, थेट आमेनपर्यंत. मी तर मध्येच थांबले होते. हे एकटेच म्हणत होते, डोळे उघडे, आणि स्वतःच चकित झालेले.

मी यांचं डोकं छातीशी धरलं आणि मोठमोठ्यानं रडले. मग मुलीला फोन, मग मंडळीच्या खजिनदारांना. खजिनदार तसेच धावत आले. यांनी पुन्हा म्हणून दाखवली. खजिनदार गुडघ्यांवर बसले. "चमत्कार आहे बाई! येत्या रविवारी नको, पुढच्या रविवारी आभारप्रदर्शनाची उपासना घेऊ. सगळ्यांना कळू दे."

मी म्हटलं, अहो, कळलंच पाहिजे.

२० फेब्रुवारी

टीचरला सांगितलं. वाटलं होतं, उडीच मारेल. तिनं हसून माझा हात धरला आणि खाली बसवलं.

म्हणे, पाठ असलेल्या गोष्टी मेंदू वेगळ्या जागी ठेवतो. प्रार्थना, गाणी, आकडे, शिव्यासुद्धा. बोलायची जागा गेली तरी ती जागा शाबूत राहते. "आजी, हे बोलणं नाही. ओवलेली माळ आहे. पहिला मणी ओढला की सगळी येते. मधलाच मणी काढा म्हटलं तर निघणार नाही."

खरं की खोटं बघायला तिनं यांना प्रार्थनेत मध्येच येणाऱ्या, रोजची भाकरी मागायच्या ओळीपासून म्हणायला सांगितलं. यांनी खूप ताकद लावली, कपाळावर घाम आला. शेवटी प्रार्थना पहिल्यापासूनच सुरू झाली आणि आमेनलाच थांबली.

मला तिचा राग आला. ड्रायव्हरची शिवी आणि यांची प्रार्थना एकाच जागेवरून येते म्हणे! मी विचारलं, "मग काल ते देवाशी बोलले नाहीत का?" पोर गोंधळली. "ते मला कसं सांगता येईल, आजी? मी फक्त, घाई करू नका, एवढंच म्हणतेय."

पुस्तकं वाचून आलेली मुलगी आहे. तिला काय कळणार.

२८ फेब्रुवारी, रविवार

लिहायचं नव्हतं, पण दुसरं काही सुचत नाही.

यांचा काळा कोट मी दोन्ही बाजूंनी आत घेतला होता, कारण हे फार वाळलेत. वर व्यासपीठावर हातांची खुर्ची ठेवली होती. उभं राहायलासुद्धा जागा नव्हती. खजिनदारांनी चमत्काराचं वर्णन केलं, मग ध्वनिक्षेपक यांच्या तोंडाशी धरला. मी शेवटच्या बाकावरून पहिला शब्द मोठ्यानं म्हटला आणि हे सुरू झाले. सगळ्यांच्या माना खाली. आमेन झालं तेव्हा अर्धी मंडळी रडत होती. मी तर फुलून गेले होते.

तिथंच थांबायला हवं होतं. खजिनदार म्हणाले, "पाळकसाहेब, आता दोन शब्द. फक्त दोन. मंडळी कान लावून बसलीय."

यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या लोकांतून बरोबर मलाच शोधलं. आणि मी काय केलं? मान हलवली. म्हणा, म्हणा.

यांनी तोंड उघडलं. पुन्हा प्रार्थनाच आली, पहिल्या शब्दापासून. लोकांनी पुन्हा माना खाली घातल्या. आमेन. खजिनदारांना अजून उमज पडेना. "तब्येत कशी वाटतेय तेवढंच सांगा." तिसऱ्यांदा प्रार्थना. या वेळी मान कोणीच खाली घातली नाही. पुढच्या बाकावरचं कुणाचं तरी मूल खिदळलं, त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं. यांना थांबता येत नव्हतं. शब्द येत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि डाव्या हातानं हे ध्वनिक्षेपक दूर लोटायला बघत होते. शेवटच्या बाकावरून पुढे पोचेपर्यंत माझा पदर दोनदा अडकला. मी गेले आणि ध्वनिक्षेपकाचा दांडाच बाजूला केला.



१ मार्च

संध्याकाळी प्रार्थनेला बसले. यांनी ओठ घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं.

९ मार्च

तेच. यांच्याकडे एवढी एकच गोष्ट उरली होती. ती मी चव्हाट्यावर मांडली, मिरवली, आणि घालवली. कुणाला दोष देऊ? खजिनदारांना? ते बिचारे दाराशी येऊन रडून गेले.

माझी एकच मागणी आहे देवा. पुन्हा बोलायला लागावेत असं म्हणत नाही. ती प्रार्थना तेवढी यांना परत दे.

१७ मार्च

मुलगी आली होती. नवे पाळक येणार आहेत, त्यामुळे हे घर मंडळीला हवं आहे. तसं कोणी तोंडानं म्हणत नाही, पण खजिनदार आले की भिंतींचा रंग बघतात. मुलगी म्हणाली, "आई, आमच्याकडे एक खोली रिकामीच आहे. मशिनपण आण." मी म्हटलं, "बघू गं." ती म्हणाली, "तुझं बघू म्हणजे नाही. बाबांनी मला शिकवलंय."

आम्ही दोघी हसलो. मग दोघींनाही कळलं की बाबांनी असं काही बोलायचे दिवस गेले.

रोज संध्याकाळी मी एकटीच प्रार्थना म्हणते. खरं लिहायचं तर मध्येच पडद्यांची मापं डोक्यात येतात. तोंड आपलं चालू. म्हणजे माझीही माळच की. जन्मभर माळच ओढली असेन. आजारपण नसतानासुद्धा.

२५ मार्च

आज एक गंमत झाली.

हे आत आरशासमोर होते. मी हॉलमध्ये यांच्या हाताच्या झोळीला नवी पट्टी टाचत होते. टाचताना गुणगुणायची माझी सवय. उपासना संपताना आम्ही म्हणतो ते निरोपाचं गीत होतं, "दिवस कलला, हात दे." दोन-तीनदा म्हणून झालं असेल, तर शेजारून आणखी कोणी गुणगुणायला लागलं. ड्रायव्हरसाहेब! चाल एकदम बिनचूक. मी हळूच शब्द वाढवले, तर पाठोपाठ त्यांच्या तोंडून, "दिवस... कलला... हात दे."

त्यांची बायको पर्स शोधत होती, ती तशीच राहिली. "परत म्हणा हो," म्हणाली. ते परत म्हणाले. ती मटकन खालीच बसली. आजारानंतर तिनं त्यांच्या तोंडून दुसरा शब्दच ऐकला नव्हता.

टीचर धावत बाहेर आली. तिनं दाखवलं, त्यांचा डावा हात धरायचा आणि शब्दाशब्दाला मांडीवर ठेका द्यायचा. चालीत बसवलं की शब्दांना दुसरी वाट सापडते म्हणाली. मला वाटलं, बघू या. "हात दे"च्या जागी "पाणी दे" घातलं. ठेका धरला. ड्रायव्हर म्हणाले, "पाणी दे."

ती बाई पाण्याची बाटली घेऊन अशी धावली, की अर्धं पाणी त्यांच्या शर्टावर. ओले झाले तरी ते हसत होते आणि पुन्हा पुन्हा मागत होते.

देवाच्या गीतात पाणी घुसवलं. चालतं की नाही कोण जाणे. यांना विचारलं असतं. हे आतून बाहेर आले होते आणि भिंतीकडे तोंड करून बसले होते.

८ एप्रिल

ड्रायव्हरीणबाईंनी गावभर केलंय. आज खुर्च्यांवर माझी वाट बघत पाच जण. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांना फक्त आकडे म्हणता येतात. नातू आला की मोठ्या मायेनं "सत्तावीस" म्हणतात. एक सुतार आहेत, ते नुसते रडतात. मी टीचरला म्हटलं, "मी काय शाळा काढलीय का? यांना घेऊन येते, तेवढ्यात बसते." ती म्हणाली, "तेवढ्यातच बसा."

तेवढ्यात म्हणता म्हणता दुपार होते. ठेका देऊन माझा तळहात लाल होतो. पडद्यांची गिऱ्हाइकं खोळंबलीत, दोन फोन रागाचे आले. कशाला हे लचांड गळ्यात घेतलं असं झालंय. उद्यापासून जाणार नाही, म्हणजे बसणार नाही.

हे मात्र तसेच. सगळे गातात आणि हे भिंत बघतात. जगाची भांडी घासते आणि घरची खरकटी, तशी माझी गत.

९ एप्रिल

बसले. सुतार आले होते, त्यांना नाही कसं म्हणायचं.

२२ एप्रिल

हे हसले!

सगळे मिळून म्हणत होतो. ड्रायव्हरसाहेब आता जोरात असतात, वरच्या पट्टीत. पण आज घाई झाली की काय, "कलला"च्या जागी जुना मित्र आला. भर सुरात, डोळे मिटून, भक्तिभावानं म्हणाले, "दिवस च्यायला, हात दे!"

 मुख्याध्यापिकाबाईंचा ठेक्याचा हात हवेतच राहिला. आणि भिंतीकडून आवाज आला. आधी मला वाटलं यांना ठसका लागला. धावत गेले तर हे हसत होते. वाकडं तोंड, गालावर पाणी, पोट धरून हसत होते. उपदेशात माझी शिवण सांगितली होती तेव्हा जसे हसले होते, अगदी तसे. मग सुतारसुद्धा हसले. ड्रायव्हर बिचारे सगळ्यांची क्षमा मागत होते, अर्थात त्याच शब्दानं.

घरी जाताना मी यांची चाकांची खुर्ची ढकलत होते आणि रडत होते. यांना दिसत नव्हतं ते बरं.

६ मे

यांनी आता भिंत सोडलीय. खुर्ची गोलात घेतो. आधी नुसता ठेका, मग गुणगुण, आणि आता शब्द. फक्त निरोपाचं गीत, दुसरं नाही. पण म्हणतात.

आज जेवणानंतर यांनी डाव्या हातानं माझा हात ओढला, त्यावर ठेका धरला आणि म्हणाले, "हात दे." हात तर यांच्याकडेच होता. पाणी हवं होतं की हात, ते काही कळलं नाही. दोन्ही दिलं.

प्रार्थनेला मात्र अजून ओठ मिटलेलेच. मी म्हणते, हे ऐकतात. आता भिंतीकडे तोंड करत नाहीत, माझ्याकडे बघतात. पण ओठ घट्ट. मी यांना म्हटलं, "चुकले हो मी. किती दिवस धरून ठेवाल?" यांनी नाही नाही अशी मान हलवली. म्हणजे रागावलो नाही, की म्हणणार नाही?

१८ मे, मंगळवार

सकाळी हाताला धरून उठवायला गेले, तर डावी बाजूपण गळून पडली होती. दुसरा झटका. हॉस्पिटलमध्ये आहोत. डॉक्टर मुलीशी बोलतात, माझ्याशी नाही. त्यावरून कळलं.

१९ मे

डोळे उघडत नाहीत. श्वास आहे. जावई आले. ड्रायव्हरसाहेब आणि बाई दाराशी बसून गेले, आत सोडलं नाही.

२२ मे

काल गेले.

झालं तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दुपार होती. मुलीला मी बळेच खाली जेवायला पाठवलं होतं. खोलीत आम्ही दोघंच. सकाळपासून यांनी डोळे उघडले नव्हते, पापणीसुद्धा हलली नव्हती. यांचा हात हातात घेतला, ठेका धरायची सवय झाली म्हणून धरला, आणि काय म्हणावं ते सुचेना म्हणून प्रार्थना म्हणायला लागले. या वेळी मापं डोक्यात आली नाहीत. शब्द न् शब्द म्हणत होते. मग ती ओळ आली, देवाच्या इच्छेप्रमाणे होऊ दे म्हणायची. आणि मी थांबले.

 मला म्हणायचंच नव्हतं. त्याची इच्छा काय होती ते समोर दिसत होतं आणि ती मला मान्य नव्हती. जन्मभर ही ओळ मी फुकटात म्हटली होती. काल म्हणता येईना. मी ओठ मिटले, अगदी यांनी मिटले होते तसे.

पुष्कळ वेळ नुसता यंत्राचा आवाज येत राहिला.

मग यांनी ती ओळ म्हटली.

मी थांबले होते तिथूनच. डोळे मिटलेले, आवाज म्हणजे नुसता वारा, पण ओळ तीच. मग पुढची, भाकरीची. मग क्षमेची. एकेक ओळीला केवढा तरी वेळ.  आमेनपर्यंत नेली. आणि माझ्या तळहातावर एक बोट हललं, ठेक्यासारखं. त्यानंतर काही नाही. मुलगी जेवून आली तेव्हा होते, संध्याकाळी नव्हते.

मागितलं होतं ते मिळालं. मी जास्त मागायला हवं होतं.

२७ मे

अंत्यविधी नीट झाला. खजिनदारांनी सगळं बघितलं. मला कोणी चार शब्द बोलायला सांगितलं नाही, त्यांचे उपकार.

आज टीचर घरी आली. तिला शेवटचं सांगितलं. ती म्हणाली, "मधूनच?" मी म्हटलं, "हो, मी सोडलं तिथून." ती म्हणाली, "पहिल्यापासून नाही? नक्की, आजी?" मी म्हटलं, "अगं, मी तिथंच बसले होते ना." मग ती ओंजळीत तोंड घेऊन रडायला लागली. मी विचारलं, असं होतं का कधी कुणाला? म्हणाली, "मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही." तिला पाणी दिलं, थोपटलं. तरुण आहे, पहिल्यांदाच बघत असेल कुणी गेलेलं.

जाताना म्हणाली, "सेंटरवर याल ना?" मी म्हटलं, "आता कुणाला घेऊन येऊ?"

२० जून

मुलीकडे राहायला आले. खोली छान आहे, खिडकीशी मशिन ठेवलंय. मुलगी, जावई जिवाला जीव देतात. मी जेवते, शिवते, झोपते. उपासनेला जात नाही. डोकं दुखतं म्हणते.

नवे पाळक भेटून गेले. तरुण आणि भला माणूस आहे. स्त्रियांच्या संघाचं काम बघा म्हणाले. मी म्हटलं, "पाचारण यांना होतं, मी सोबतीला होते. सोबत संपली." त्यांनी पुढे आग्रह केला नाही.

प्रार्थना म्हणत नाही. सुरू केली की ती ओळ येणार. तिथं यांनी हो म्हटलं. मी अजून म्हटलेलं नाही.

३० जून

ड्रायव्हरीणबाईंचा फोन. तुम्ही यायच्या थांबल्यापासून गाणं बंद पडलंय, ड्रायव्हरसाहेब पुन्हा त्या एकाच शब्दावर आलेत. सुतार येईनासे झाले. टीचर प्रयत्न करते, पण तिला गळा नाही. मी म्हटलं, "बाई, मी काय करणार? मी शिवणारी बाई."  मग म्हणाल्या, "तुमचा पत्ता तेवढा द्या. कधी वाटलं तर भेटायला."

पत्ता दिला.

१३ जुलै, मंगळवार

मुलीच्या पुढच्या खोलीचे पडदे घेतले होते. निळं कापड, भारी आहे, मुलीनं हौसेनं आणलेलं. खालची पट्टी अर्धी झाली होती. मशिनच्या घरघरीत आधी ऐकूच आलं नाही. मग पाय उचलला तेव्हा कळलं, खाली फाटकाशी कोणीतरी गातंय. वरच्या पट्टीत, अगदी जीव तोडून.

"दिवस च्यायला, हात दे! दिवस च्यायला, हात दे!"

खिडकीतून बघितलं. ड्रायव्हरसाहेब एका हातानं फाटक धरून, दुसऱ्या हातानं त्यावर ठेका देत होते. आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या होत्या. त्यांची बायको मागे काठी घेऊन उभी, घामाघूम. मला बघून ओरडली, "मी नाही हो आणलं यांना! पत्त्याचा कागद घेऊन तेच निघाले. मी नुसती मागनं आले!"

मी चपला घातल्या. मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, कुठे निघालीस? पडदा तसाच..." मी म्हटलं, "येते गं." जिना उतरताना वाटलं, डोक्यावर पदर तरी घ्यायला हवा होता.

सेंटरवर सुतार येऊन बसले होते. त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. आणि एक नवी मुलगी होती, बाळंतपणात झटका आलेली. मांडीवर तिचं लेकरू, आणि तिला त्याला हाक मारता येत नव्हती. त्याच्याकडे बघून ओठ जुळवायची आणि डोळे मिटून घ्यायची. हे मिटायचे तसेच. मी तिचा डावा हात घेतला. चालीत "हात दे"च्या जागी "बाळ ये" घातलं. पुष्कळ वेळ काही नाही. ड्रायव्हरसाहेबांनी ठेका सोडला नाही.

मग आलं. "बाळ" नाही, नुसतं "ये." लेकरानं मान वर केली.

घरी येऊन संध्याकाळी एकटी बसले आणि प्रार्थना म्हटली. त्या ओळीशी जरा अडले. मग म्हटली, पुढे गेले.

तर आज: एक शब्द.

पडदा मशिनवर सुईसकट तसाच लोंबतोय. मुलगी चिडलीय. उद्या सकाळीही सेंटरवर जायचंय, तेव्हा तो काही इतक्यात व्हायचा नाही.